दोन्ही बाऱ्या एकाच बुवाच्या?

व्हायोलिन आणि पियानो अशा दोन वाद्यांसाठी लिहिलेली एखादी रचना असते. एकच कलावंत आधी तिच्यातला पियानो वाजवून ध्वनिमुद्रित करतो, मग कानाला हेडफोन लावून स्वतःच्याच पियानोबरोबर व्हायोलिन वाजवतो, आणि दोन्ही थर एकत्र करून आपल्याला ऐकवतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एवढे करायला मोठी ध्वनिमुद्रण कंपनी पाठीशी असावी लागे. आज मोबाइल आणि एक फुकटचे ॲप पुरते. ऐकणारे थक्क होतात, आणि व्हावेच. दोन वाद्यांवर सारखी हुकमत मिळवणे ही काही गंमत नाही. पण थक्क होऊन झाले की एक प्रश्न उरतो. आपण ऐकले ते दोघांचे वादन, की एकाचेच दोनदा?

वैभववाडीत बसून हा प्रश्न सोडवण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याच्या या तालुक्यात पियानो शोधावा लागेल. पण पेटी घरोघर आहे, पखवाज वाडीवाडीत आहे, आणि दोघांनी मिळून गाण्यात दोघे कशाला लागतात, याबद्दल इथल्या माणसांचे मत फार जुने आणि पक्के आहे. ते मत त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. दोन बुवांनी आळीपाळीने म्हणायच्या डबलबारी भजनाच्या रूपाने ते दर हंगामात मांडवात उभे राहते. एकाच बुवाने दोन्ही बाऱ्या म्हटल्या तर त्या मांडवात उत्तररात्री कोण बसेल? माझे म्हणणे त्या मांडवातूनच आलेले आहे: दुसरा वादक लागतो तो दुसरे वाद्य वाजवण्यापुरता नाही, पहिल्याचा बेत मोडण्यासाठी लागतो. दोन्ही भाग वाजवणाऱ्या एकट्या कलावंताला सगळे साधते, हे एवढे साधत नाही. आणि हे एवढे किती मोठे आहे, ते तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी नाही, म्हणून आधी तीच नीट मांडतो. आर्तूर ग्रुमियो (१९२१ ते १९८६) हा बेल्जियमचा व्हायोलिनवादक गेल्या शतकातल्या थोर वादकांपैकी एक. १९५०च्या दशकाच्या अखेरीच्या सुमारास त्याने मोत्सार्टचा १७८५चा ई-फ्लॅट मेजर सोनाटा आणि ब्राम्सने १८८६च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये रचलेला ए मेजर सोनाटा, अशा दोन कृतींतली व्हायोलिन आणि पियानो ही दोन्ही वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली. हा जाहिरातीसाठी केलेला खेळ नव्हता. ग्रुमियो दोन्ही वाद्ये लहानपणापासून शिकलेला होता आणि पियानोवरही त्याचा हात पक्का होता.

त्याच्या आधी याशा हायफेट्झने १९४६ साली बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोत दोन्ही व्हायोलिने स्वतःच वाजवली होती. आणि त्याच्याही आधी, १८ एप्रिल १९४१ रोजी, न्यू ऑर्लिन्सचा जॅझवादक सिडनी बेशे याने क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्ये एकामागून एक वाजवून एकट्याचा ताफा उभा केला. त्या काळी फितीची सोय नव्हती. एक थर तबकडीवर घ्यायचा, तो वाजवून त्यावर दुसरा थर वाजवत नवी तबकडी कापायची, असे चालायचे, आणि प्रत्येक फेरीला आधीचे थर थोडे थोडे पुसट होत जायचे. पुढे चुंबकीय फीत आली, तरी एक अडचण होती. फितीवर मुद्रण करणारे मुख आणि ऐकवणारे मुख यांत अंतर असल्याने आधीचा थर कलावंताच्या कानी उशिरा पडायचा. मुद्रण करणाऱ्या मुखातूनच आधीचा थर ऐकवायची युक्ती निघाली आणि ही अडचण मिटली. १९५७ मध्ये अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याच्याकडे आठ पट्ट्यांचे यंत्र आले. तिथून पुढे एका माणसाने आठ जणांचे काम करणे हा तांत्रिक प्रश्न राहिला नाही.

ग्रुमियोच्या बाजूने सर्वांत जोरदार मुद्दा असा: रचना मुळातच एका डोक्यातून आलेली आहे. ब्राम्सने व्हायोलिनची ओळ एका माणसाच्या आणि पियानोची ओळ दुसऱ्याच्या सल्ल्याने लिहिली नाही. संवाद दिसतो तो एकाच लेखकाने लिहिलेल्या नाटकातला संवाद आहे. मग एकाच वादकाने दोन्ही भूमिका वठवल्या तर रचनेवर अन्याय कसला? उलट दोन वादकांत नेहमी होणारी ओढाताण टळते. लय कुठे सैल सोडायची, कुठला स्वर किती दाबायचा, श्वास कुठे घ्यायचा, याबद्दल दोन्ही वाद्यांचे एकमत होते, कारण मत एकच आहे. आपल्याकडचा एकपात्री प्रयोगही याच बाजूने साक्ष देतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रे उभी करत, तेव्हा बाकीचे नट कुठे गेले असे कुणा प्रेक्षकाच्या मनात आले नसेल. कीर्तनकार तर पिढ्यान्‌पिढ्या एका गळ्यातून राजा, राणी, देव आणि दैत्य बोलवत आला आहे.

हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. लिखित संगीतात दुसऱ्या भागाची जागा आधीपासून ठरलेली असते. ज्याला दोन्ही भाग पाठ आहेत, तो पहिला भाग वाजवताना पुढे येणाऱ्या दुसऱ्यासाठी बरोबर जागा सोडू शकतो. त्याच्या मनात तो दुसरा आधीच वाजत असतो. अशा मुद्रणाला लबाडी म्हणणे चूक आहे. ती रचनेची एक प्रामाणिक वाचणी आहे आणि विद्यार्थ्याला तिच्यातून पुष्कळ शिकता येईल.

तरीही त्या मोत्सार्टकडेच पुन्हा वळू या, कारण या बाबतीत त्याच्याइतका अधिकारी साक्षीदार मिळायचा नाही. तो पियानो वाजवायचा आणि व्हायोलिनही. त्याचा बाप लेओपोल्ड याने १७५६ साली व्हायोलिनवादनावर ग्रंथ छापला होता. दोन्ही भाग एकट्याने वाजवण्याची पात्रता जर कोणाची असेल तर ती मोत्सार्टची. आणि त्याने काय केले? एप्रिल १७८४ मध्ये रेजिना स्त्रिनासाक्की ही तरुण इटालियन व्हायोलिनवादक व्हिएन्नात होती. तिच्यासाठी त्याने बी-फ्लॅट मेजरमधला सोनाटा रचला, तिचा भाग लिहून दिला आणि स्वतःचा पियानोचा भाग लिहायला वेळच उरला नाही म्हणून जवळजवळ कोरा कागद समोर ठेवून तो तिच्याबरोबर वाजवायला बसला. हस्तलिखितात पियानोच्या ओळी नंतर, वेगळ्या शाईने, मिळेल त्या जागेत दाटीवाटीने कोंबलेल्या आहेत. रचना एका डोक्यातली होती, हे खरेच. पण ती कागदावर आणण्याचे निमित्त समोर उभी असलेली दुसरी व्यक्ती होती. मोत्सार्टला त्या वेळी ध्वनिमुद्रणाची सोय असती तर त्याने दोन्ही भाग स्वतःच वाजवले असते का? तसे केले असते, तर तो सोनाटा झालाच नसता, असे मला वाटते.

एकट्याच्या मुद्रणात हरवते काय, याची तांत्रिक बाजू साधी आहे. दोन थरांपैकी एक आधी गोठतो. त्यानंतर येणारा थर त्याच्याकडे लक्ष देऊ शकतो, त्याच्यामागे जाऊ शकतो, त्याला नटवू शकतो. पण गोठलेला थर परत वळून पाहत नाही. ऐकणे एकाच दिशेने चालते. प्रत्यक्ष मैफलीत व्हायोलिनवाल्याने एखादा स्वर ठरल्यापेक्षा किंचित लांबवला, तर पियानोवाला पुढचा ठोका थोपवून धरतो. त्या थोपवण्याने व्हायोलिनवाल्याला बळ येते आणि पुढची ओळ तो वेगळ्या मनाने घेतो. ही देवाणघेवाण क्षणाच्या अंशांत होते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर दूर बसलेल्या साथीदाराचा सूर कानी यायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या विलंबानेही हात अडखळू लागतात. २०२० च्या टाळेबंदीत इंटरनेटवर एकत्र गाण्याचा प्रयत्न केलेल्यांना हे चांगले कळले. विलंबामुळे ते जमेना, म्हणून प्रत्येकाने आपला भाग घरी मुद्रित करून तो नंतर शिवायची पद्धत सर्रास झाली. पडद्यावरच्या त्या चौकटी पाहायला छान होत्या. त्यांत कोणी कोणाला अडवत नव्हते, इतकेच.

हायफेट्झच्या १९४६ च्या मुद्रणात आणखी एक गोष्ट जाणवते. बाखच्या त्या रचनेतली दोन व्हायोलिने तोलामोलाची आहेत. एकाने वाक्य बोलायचे, दुसऱ्याने तेच थोड्या वेळाने आपल्या परीने बोलायचे, अशी तिची बांधणी. दोन्ही व्हायोलिनांना हायफेट्झचाच सूर, हायफेट्झचाच गज आणि हायफेट्झचाच स्वभाव मिळाल्यावर दोन वक्त्यांतला फरक कानाला धरून ठेवता येत नाही. वादन निर्दोष होते, आणि तरी पुनरुक्तीचा भास होतो. १९६१ मध्ये त्याने हीच रचना पुन्हा मुद्रित केली तेव्हा दुसऱ्या व्हायोलिनसाठी आपला विशी ओलांडलेला शिष्य एरिक फ्रीडमन याला घेतले. साठीला आलेल्या माणसाला स्वतःशिवाय कोणाची गरज नाही हे सिद्ध करून पंधरा वर्षे झाली होती. त्यानंतर त्याने दुसरा माणूस घेतला, हे मला त्या पहिल्या मुद्रणाइतकेच बोलके वाटते.

ग्रुमियोचेही तसेच. त्याची कायमची जोडीदार होती क्लारा हास्किल ही रुमानियात जन्मलेली पियानोवादक. दोघांनी बेथोव्हेनचे दहाही सोनाटा मुद्रित केले. हास्किल स्वतः व्हायोलिनही उत्तम वाजवायची. म्हणजे या जोडीत प्रत्येकाला दुसऱ्याचे काम येत होते. त्यामुळे एकमेकांची गरज संपली नाही. डिसेंबर १९६० मध्ये ग्रुमियोबरोबरच्या मैफलीसाठी ब्रुसेल्सला उतरताना हास्किल रेल्वे स्थानकातल्या जिन्यावरून पडली आणि दुसऱ्या दिवशी वारली. ग्रुमियोला दोन्ही वाद्ये वाजवता येत होती, यंत्रही हाताशी होते. पण व्हायोलिन-पियानोच्या सोनाटांचे जे वैभव त्याच्या नावावर जमा आहे, ते मुख्यतः तिच्याबरोबरच्या मुद्रणांचे आहे.

आता घरच्या उदाहरणांकडे येतो. मूळच्या मंगेशीच्या मंगेशकर घराण्यातल्या दोघी बहिणींनी हा प्रयोग केलेला आहे, आणि दोन्ही वेळा संगीतकार राहुलदेव बर्मन होता. ‘बहारों के सपने’ (१९६७) या चित्रपटातल्या एका गाण्यात त्याने लता मंगेशकरांचा आवाज दोन थरांत वापरला, आणि ‘इजाज़त’ (१९८७) मधल्या एका गाण्यात आशा भोसल्यांचा. दोन्ही गाण्यांत एकीच्याच आवाजावर तिचाच आवाज लहरत येतो. ही गाणी मला एकट्याच्या मुद्रणाची सर्वांत चोख उदाहरणे वाटतात, कारण त्यांत सोंग नाही. दोन बायका बोलत आहेत असा भास निर्माण करायचा हेतूच नव्हता. एकाच बाईच्या मनात दोन विचार एकाच वेळी चालू आहेत, हे त्या तंत्रातून ऐकू येते. म्हणजे एकाने दोन भाग करण्याला एक स्वतःचे क्षेत्र आहे: स्वगत, आठवण, भास, मनातले द्वंद्व. अमेरिकन पियानोवादक बिल इव्हान्स याने १९६३ मध्ये तीन पियानोंचे थर चढवून जी तबकडी केली, तिचे नावच त्याने ‘स्वतःशी संभाषणे’ अशा अर्थाचे ठेवले. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा. स्वगत म्हणून मांडलेले स्वगत श्रेष्ठ कला होऊ शकते. ते संवाद म्हणून खपवले की गडबड सुरू होते.

संवाद म्हणजे काय, हे ऐकायचे तर डबलबारी ऐकावी. एकाच रंगमंचावर दोन भजनी मंडळे बसतात. प्रत्येकाचा बुवा पेटीवर, बाजूला पखवाज, मागे झांज, टाळ आणि कोरस. एका बुवाने आपली बारी करायची, मग दुसऱ्याने. स्तवन, रूपावली, अभंग, गौळण असे टप्पे घेत बारी गजरापर्यंत चढते. पहिला बुवा पुराणातला एखादा पेच टाकतो, एखादी कोटी करतो, समोरच्याच्या चालीवरून टोमणा मारतो. खाली बसलेल्यांत कुजबूज होते, “आता ह्यो काय उत्तर देतलो?” आणि दुसऱ्या बुवाला उत्तर द्यावेच लागते. घरून ठरवून आणलेले अर्धे साहित्य त्या क्षणी बाद होते. त्याने कितीही तयारी केलेली असो, समोरच्याने ती ओळखून आधीच वापरून टाकली तर तिथल्या तिथे दुसरी वाट काढावी लागते. कित्येकदा त्याची सर्वांत चांगली ओळ, सर्वांत चांगली चाल अशा अडचणीतच सुचते. घरी शांत बसून त्याला ती सुचली नसती.

इथे कोणी म्हणेल की डबलबारी ही स्पर्धा आहे आणि व्हायोलिन-पियानोचा सोनाटा हे सहकार्य आहे. दोन्ही एका मापाने कसे मोजणार? मोजता येतात, कारण डबलबारीतही सहकार्य आहे. दोन्ही बुवा एकाच विठ्ठलाचे भजन करतात, एकाच रात्रीची शोभा वाढवतात. एकाची बारी पडली तर दुसऱ्याचीही रंगत जाते, हे दोघांनाही ठाऊक असते. समोरचा कच्चा निघाला तर जिंकणाऱ्या बुवाला त्यात सुख नसते. चांगल्या सोनाटावादनात हाच ताण सौम्य रूपात असतो. दोन वादक एकमेकांना साथ देतात आणि एकमेकांना थोडे ढकलतातही. तो धक्का काढून टाकला की साथ उरते, पण तिच्यात जोर राहत नाही.

आणखी एक आक्षेप अधिक बारीक आहे. बुवा स्वतःच पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो. म्हणजे दोन भाग एकट्यानेच झाले की! बरोबर, आणि या उदाहरणातूनच फरक स्पष्ट होतो. बुवाचा गळा आणि बुवाचे हात एकाच क्षणात काम करतात. दम संपला की उजवा हात सूर पुढे नेतो, आवाज चढला की भाता ओढणारा डावा हात आपोआप जोर कमी करतो. गळ्याने वाट बदलली की बोटे धावत मागे येतात, आणि कधी बोटांना आधी सापडलेली जागा गळा उचलतो. ऐकणे दोन्ही दिशांनी चालू असते. माणूस एक की दोन, हा प्रश्नच नाही. दोन्ही भाग एकमेकांना बदलू शकतात की नाही, हा प्रश्न आहे. बुवाच्या पेटीला आणि गळ्याला ते जमते. आज वाजवलेल्या पियानोला उद्या वाजणाऱ्या व्हायोलिनमुळे बदलता येत नाही.

आपल्या रागसंगीतात तर हा मुद्दा जिवावरचा होतो. तिथे दुसरा भाग आधी लिहिलेलाच नसतो. ख्यालगायक विलंबित लयीत आलाप भरत समेकडे येतो, तेव्हा तबलजीला त्याच्या येण्याची चाहूल घ्यावी लागते; सारंगी किंवा पेटी मागून पडछाया धरत जाते. यातले काहीच आधी मुद्रित करून ठेवता येत नाही, कारण गायकालाही पुढचे आवर्तन कसे होईल ते ठाऊक नसते. गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) हे ख्यालगायकही होते आणि व्हायोलिनवादकही, दोन्हीकडे पहिल्या रांगेतले. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा अशा तीन घराण्यांची तालीम त्यांच्या गाण्यात होती. दोन्ही बाजू आतून माहीत असण्याचा फायदा त्यांच्यासारख्याला काय होत असेल? आपल्या गाण्यावर आपलेच व्हायोलिन चढवण्याचा नक्कीच नाही. गळ्याला काय अवघड जाते ते व्हायोलिनवाल्याला कळते आणि गजाला काय सोपे जाते ते गायकाला कळते. अशी माणसे दुसऱ्याशी अधिक समजून वागतात. दोन्ही भाग शिकावेत ते एवढ्यासाठी. दक्षिणेकडे सीमेपलीकडच्या गोव्यात मांडो आजही दोन आवाजांत गातात, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीवर. दोन्ही आवाज येणारी माणसे तिथे पुष्कळ असतील; गाताना मात्र प्रत्येकजण एकच आवाज धरतो.

या सगळ्यामागे पोटापाण्याचाही प्रश्न आहे आणि तो डावलून सौंदर्याची चर्चा करणे बरे नव्हे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी मोठ्या वाद्यवृंदासमोर गायक आणि गायिका एकत्र उभे राहून युगुलगीत गात. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. त्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले कितीतरी व्हायोलिनवादक होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा संयोजकांनी त्यांच्यासाठी पाने भरभरून नोटेशन लिहिली. पुढे पट्ट्या वाढल्या. गायक एका दिवशी, गायिका दुसऱ्या दिवशी, कधी वेगळ्या गावी, असे युगुलगीत होऊ लागले. सिंथेसायझर आला आणि वाद्यवृंद आटला. आज एकाच व्हायोलिनवादकाकडून तीच ओळ अनेकदा वाजवून घेऊन ताफ्याचा भास करता येतो. म्हणजे ग्रुमियोने हौसेने केलेली गोष्ट आता खर्च वाचवण्याची रीत झाली आहे. ज्याला आपण एकट्याचा पराक्रम म्हणून दाद देतो, त्याच्या पाठीमागे कधीकधी न बोलावलेल्या सात जणांच्या रिकाम्या खुर्च्या असतात. म्हणून तंत्राला दोष देऊन उपयोग नाही. कोणी कशासाठी ते वापरले, हे पाहायला हवे.

खेडोपाडी याची दुसरी बाजू दिसते आणि तिच्याशी मी सहानुभूतीने वागेन. तालुक्याच्या ठिकाणाहून दूर असलेल्या वाडीत एखादी मुलगी गाणे शिकते. तबल्याला माणूस नाही, तंबोरा परवडत नाही. ती मोबाइलवर तंबोरा लावते, ॲपमधला ठेका लावते, आणि रियाज करते. कधी स्वतःची पेटी मुद्रित करून तिच्यावर गाते. तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? त्या यंत्राने तिच्या सुराला बैठक दिली आहे. स्वतःचेच मुद्रण ऐकून स्वतःच्या चुका पकडणे हा तर उत्तम अभ्यास आहे. ग्रुमियोच्या मुद्रणाकडेही मी थोडे याच नजरेने पाहतो: थोर कलावंताचा थोर रियाज, चार भिंतींच्या आत राहू शकला असता पण सुदैवाने आपल्यापर्यंत आला.

धोका आहे तो सवयीचा. ॲपचा ठेका कधी चुकत नाही, कधी कंटाळत नाही, आणि तुम्ही घाई केलीत तर तुमच्याबरोबर पळत नाही की डोळे वटारत नाही. वर्षानुवर्षे अशाच ठेक्यावर गायलेल्या मुलाला हाडामांसाच्या पखवाजवाल्यासमोर बसवा. त्याने गजरात लय किंचित वर उचलली की मुलगा बावरतो. ॲपमध्ये असे कधी झाले नव्हते. मुलाचा ताल पक्का असतो आणि तरी त्याला दुसऱ्याबरोबर गाता येत नाही. त्याला चुकीची भीती नसते, नवख्या माणसाची असते. एकट्याने दोन्ही भाग करण्याची चटक लागलेल्या प्रौढ कलावंताचेही हेच होण्याची शक्यता आहे. त्याला स्वतःच्या मताशी झगडावे लागत नाही, कारण समोरचा नेहमी त्याच्याच मताचा असतो. अशा कलेत सफाई येते. काही काळाने तिच्यात नवे काही येणे थांबते.

हे केवळ संगीतापुरते नाही, पण इथे मी संगीतापुरतेच बोलतो, कारण बाकीच्या जगाला शहाणपण शिकवण्याआधी आपल्या वाडीतली परिस्थिती पाहणे बरे. भजनी मंडळांत पखवाज शिकणारी मुले कमी होत चालल्याची खंत जाणती माणसे बोलून दाखवतात. चांगला पखवाजवाला हवा तर त्याला मान लागतो, मानधन लागते, जाण्यायेण्याची सोय लागते. डबलबारीच्या जाहिरातफलकावर बुवांची छायाचित्रे मोठी आणि साथीदारांची नावे बारीक असतात. साथीदाराला आपणच दुय्यम ठरवल्यावर उद्या त्याची जागा यंत्राने घेतली तर तक्रार कोणाकडे करायची? जी सोय आज रियाजाच्या खोलीत आहे, ती रंगमंचावर यायला फार वेळ लागत नाही. ट्रॅकवर गाणारे कलाकार शहरात कधीच रुळले आहेत.

तेव्हा निवाडा असा. एकाच कलावंताने व्हायोलिन आणि पियानो दोन्ही वाजवून केलेले मुद्रण ऐकावे, त्यातली मेहनत मानावी, त्यापासून शिकावे. त्याला रचनेची वाचणी म्हणावे, स्वगत म्हणावे, अभ्यास म्हणावे. दोघांच्या वादनाची बरोबरी मात्र त्याला देऊ नये. दोघांच्या वादनात प्रत्येकाला दुसऱ्यामुळे बदलण्याचा धोका पत्करावा लागतो, आणि इथे तो पत्करलेला नसतो. ज्यांना दोन वाद्ये शिकणे जमते त्यांनी ती जरूर शिकावीत, पण त्या ज्ञानाचा उपयोग साथीदाराला समजून घेण्यासाठी करावा, त्याला घरी पाठवण्यासाठी नव्हे.

आणि वाचकाला एक विनंती. गणपतीला वैभववाडी रोड स्थानकावर उतरणारे चाकरमानी असोत की बारमाही गावात राहणारे आपण असू, यंदा घरच्या भजनाला स्पीकरवरचा ट्रॅक लावू नका. वाडीतला पखवाज शिकणारा पोर असेल त्याला बोलवा, मग त्याचा हात अजून बसलेला नसला तरी चालेल. त्याला मंडळाच्या खर्चातून नियमित मानधन द्या, आणि पुढच्या डबलबारीच्या फलकावर पखवाज आणि झांज वाजवणाऱ्यांची नावे बुवांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.